चहाबाज मैनेची तपासणी

नांदुरा स्टेशनवर उतरल्यावर सरकारी नोकर म्हणून मी पहिलं काम केलं, ते एका घोडीचा चहा बंद करण्याचं.

बदलीचा हुकूम खिशात, सौभाग्यवती शेजारी, दोन ट्रंका, एक वळकटी आणि लोणच्याची बरणी एवढा संसार घेऊन मी स्टेशनाबाहेर आलो. वडनेर भोलजीच्या गुरांच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं. बाहेर एकच टांगा उभा होता. टांगेवाल्यानं सामान चढवलं, शेजारच्या हॉटेलातून एक बादली आणली आणि घोडीच्या तोंडापुढे धरली. मी वाकून पाहिलं. आत चहा होता. गुळाचा, दुधाचा, वर साय धरलेला.

"हे काय?"

"चहा हाये साहेब. मैना चहा पेते."

"जनावराला चहा?" माझ्या अंगात कॉलेजचं वारं अजून होतं. "अहो, चहा हे उत्तेजक आहे. एक प्रकारची नशाच म्हणा. मुंबईच्या रेसकोर्सवर घोड्याला चहा पाजला तर मालकाला बाहेर काढतात."

हॉटेलातली चार माणसं कपबशी हातात धरून ऐकायला उठून आली. टांगेवाल्यानं विचारलं, "साहेब, तुमी कोन?"

मी कोण ते सांगितलं. त्यासरशी त्यानं बादली खाली ठेवली आणि पागोटं सारखं केलं. त्याचं नाव तुळशीराम. चेहरा उन्हानं रापलेला, बोलणं मऊ. सरकारी माणसाचा शब्द मोडायचा नाही, असं त्याच्या घरात शिकवलेलं असावं. आम्ही टांग्यात बसलो. तुळशीराम म्हणाला, "चाल मैने."

मैना बादलीकडे बघत उभी राहिली.

त्यानं चुचकारलं, गोंजारलं, चाबूक नुसता दाखवला. घोडी हलेना. हॉटेलातल्या माणसांनी मागून टांगा ढकलून पाहिला, तर तिनं चारी पाय रोवले. "साहेबायनं काही म्हटलं काय तिले? रुसली वाटते," असं एक जण म्हणाला. शेवटी मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या पिंपळाचं निरीक्षण करत म्हणालो, "आजच्या दिवस पाजा."

मैनेनं बादली चाटून पुसून रिकामी केली आणि अशी निघाली, की वडनेर येईपर्यंत लोणच्याची बरणी मी छातीशी धरून होतो. बायको चिखलीची, म्हणजे या मुलखातलीच. तिच्या पदराआड काहीतरी हालत होतं. ते हसू होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आमच्या दवाखान्यातल्या अर्ध्या कागदांवर अजून जुन्याच राज्याचं नाव छापलेलं होतं आणि औषधांच्या कपाटात त्याहून जुनी औषधं होती. मी नाशिककडचा. इथली भाषा मला महिनाभर कळायची, पण बोलता यायची नाही. मग बोलता यायला लागली, तर बायको म्हणाली, नका बोलू, लोकांना वाटतं तुम्ही चिडवता.

माझ्याआधी माझी कीर्ती मात्र येऊन बसली होती. "नवे डाक्टर मुंबईच्या रेसकोर्सवरचे हायेत," असं त्या हॉटेलातून जे निघालं, ते मलकापुरापर्यंत गेलं. आता खरं काय ते इथं लिहून टाकतो. शिकत असताना आम्हा काही पोरांना रेसकोर्सवर उमेदवारीला पाठवलं होतं. तिथं शर्यत संपली की जिंकलेल्या घोड्याला एका शांत खोलीत नेत. खाली ताजा पेंढा पसरत. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, हलकी, लांब शीळ घालत राही. घोड्यांना लहानपणापासून ही सवय लावलेली असते. पेंढा पायाखाली आला आणि शीळ कानावर पडली की ते लघवी करतात. ती बाटलीत भरायची, वर लाखेचं सील ठोकायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायची. त्यात उत्तेजक सापडलं की बक्षीस गेलं. या सगळ्यात माझं काम होतं लांब दांड्याचं भांडं घेऊन घोड्याच्या मागे वाकून उभं राहण्याचं. शीळसुद्धा मला घालू देत नसत, कारण मला ती येत नाही. मी शीळ घातली की सायकलचं चाक बसल्यासारखा आवाज होतो.

एवढ्या भांडवलावर मी नांदुरा तालुक्यातला घोड्यांच्या नशेचा जाणकार ठरलो.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, खेड्यात घोड्याला कोण कशाला नशा देतं? देतात. दारू गुळात कालवून देतात. अफूची गोळी कणकेत घालून देतात. अफूनं माणूस पेंगतो. पण घोडा उलट थयथय नाचायला लागतो, हे मला पुस्तकातून कळलं होतं आणि इथल्या लोकांना पुस्तकाशिवाय. कोणी कुचल्याची बी उगाळून पाजतं, त्यानं अंग ताठतं आणि जरा प्रमाण चुकलं की घोडा जिवानिशी जातो. लग्नातल्या घोड्यावर तर हे प्रयोग सर्रास. एकदा मला मलकापुराकडच्या एका वरातीतून बोलावणं आलं. बॅंडवर नाचावा म्हणून घोड्याला दारू पाजलेली. घोडा नाचला. मग बसला. नवरदेवासकट बसला. नवरदेव वर, बाशिंग तिरपं, घोड्याची मान मुलीच्या मामाच्या मांडीवर. मी नाडी पाहिली आणि झोपू द्या म्हणून सांगितलं. मामा हळूच म्हणाला, "माझ्या मांडीचं काय करू, डाक्टरसाहेब?" त्यावर पशुवैद्यकशास्त्रात उपाय नाही.

ओळखायचं कसं? जबड्याखाली एक नाडी असते, ती बोटानं चाचपायची. डोळ्याच्या बाहुल्या पाहायच्या. हिरड्यांचा रंग, घाम, कातडीची थरथर पाहायची. पण नुकतंच पळालेलं जनावर आणि नशा दिलेलं जनावर वरून सारखीच दिसतात. दोघांचंही काळीज धडधडतं. म्हणून खरा पुरावा एकच, बाटलीतला.

तर आता त्या जत्रेकडे येतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात.

चैत्रातली जत्रा. देवळापासून नदीच्या पात्रापर्यंत सरळ सपाट रस्ता आणि त्यावर टांग्यांची शर्यत. आदल्या वर्षी नशेवरून मोठी मारामारी झाली होती. म्हणून पंचांचे प्रमुख आनंदाबुवा यांनी देवळात सगळ्यांना बेलभंडारा उचलायला लावून एक कायदा केला होता. ज्याचं जनावर नशा दिलेलं निघेल, त्याचं जनावर समोरच्याच्या दावणीला जाईल. दंड नाही, माफी नाही. जनावरच जाईल.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोघंच उरले. एक किसनराव पाटील. मोठे बागाईतदार, स्वभाव हौशी, आणि त्यांचा बादशहा नावाचा घोडा असा, की तो पाहून माणसानं आपली मिशी चाचपावी. दुसरा आमचा तुळशीराम आणि मैना. पाटलांना मैना केव्हापासून हवी होती. विकत मागून झाली, बदल्यात बैलजोडी देऊन झाली. तुळशीराम दरवेळी मऊ आवाजात म्हणायचा, "पाटील, तुमच्याकडं ती रोज काय करंन? मले तर तिच्याशिवाय संध्याकायची भाकर नाई." तुळशीरामाला शेत नव्हतं. टांगा होता आणि टांग्याला मैना होती. बाकी त्याचं काही नव्हतं.

मी शेवटच्या दोरीजवळ पंचांच्या मांडवात पाहुणा म्हणून बसलो होतो. बायको पलीकडे बायकांच्या घोळक्यात. शर्यत सुटली. बादशहा पुढे होता. मग अर्ध्या वाटेवर काय झालं कोण जाणे, त्यानं चाल कमी केली, आणखी कमी केली, आणि एका टरबुजवाल्यापाशी थांबून शांतपणे साली खायला लागला. किसनराव टांग्यात उभे राहून ओरडत होते. बादशहानं मान वळवून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि दुसरं साल उचललं.

मैना मात्र वाऱ्यासारखी आली. शेवटची दोरी ओलांडली आणि थांबलीच नाही. माणसं बाजूला उड्या मारत होती, बांगड्यांचं दुकान बचावलं, पाळण्यावरची पोरं किंचाळली. थांबली ती थेट नदीच्या काठावरच्या चहाच्या हॉटेलापुढे. तिथं उरलेल्या चहाची बादली ठेवली होती. तुळशीराम खाली उडी मारेपर्यंत मैनेनं बादलीत तोंड घातलं होतं आणि त्यानं तोंड ओढून काढलं तेव्हा बादलीत फक्त तळ होता.

मागून किसनराव चालत आले. घोडा अजून टरबुजापाशीच होता.

"पाहा! पाहा!" ते ओरडले. "हे काय घोडीचं पयनं हाये? नशा देल्ली हाये हिले! अंग पाहा कसं थरथरून राह्यलं. कायदा म्हंजे कायदा. घोडी माझ्या दावणीले बांधा."

मैना घामानं निथळत होती आणि थरथरत होती, हे खरं. तुळशीराम म्हणाला, "देवाशपथ, कालपासून तिले चहाचा थेंब नाई देल्ला. कायदा हाये म्हनूनच नाई देल्ला. तपासा ना! डाक्टरसाहेब बसलेच हायेत. तपासा!"

साऱ्या जत्रेनं माझ्याकडे वळून बघितलं. मी हातातली भजी खाली ठेवली.

नाडी पाहिली. जोरात. बाहुल्या पाहिल्या. बऱ्या. घाम, थरथर, सगळं होतं आणि त्यातून काहीच ठरत नव्हतं. मी आनंदाबुवांना सांगितलं, "लघवी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मुंबईला पाठवावी लागेल."

"मंग घ्या," बुवा म्हणाले. ते वयानं मोठे, हातात पितळी मुठीची काठी, आणि एकदा बसले की मावळतीपर्यंत न उठणारे. "कशी घेता?"

"पेंढा लागेल. आणि कुणीतरी शीळ घालावी लागेल."

"तुमीच घाला. तुमी रेसकोर्सवरचे."

मी घातली. जो आवाज निघाला तो ऐकून मैनेनं चहाच्या हॉटेलाकडे तोंड फिरवलं. लोक इतके हसले, की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. मग सगळ्यांना चेव आला. टांगेवाले, गुराखी, शाळामास्तर, ज्याला येत होती त्या प्रत्येकानं शीळ घातली. कोणी भजनाच्या चालीवर, कोणी सिनेमाच्या. आनंदाबुवांनीही दात नसलेल्या तोंडानं प्रयत्न केला. मी बरोबर आणलेल्या दवाखान्याच्या पेटीतलं इनॅमलचं भांडं घेऊन मैनेच्या मागे रेसकोर्सवर शिकलेल्या पवित्र्यात वाकून उभा होतो. मैना माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती.

तेवढ्यात लांबून कोणीतरी ओरडलं, "डाक्टरसाहेब! बादशहा! बादशहा!"

एवढी शीळ ऐकून टरबुजाच्या सालींवर उभ्या असलेल्या बादशहानं हुकूम मानला होता. हात आपोआप गेले माझे. भांडं घेऊन मी जसा धावलो, तसा आयुष्यात परत धावलो नाही. अर्धं भांड्यात आलं, अर्धं माझ्या धोतरावर. पण आलं. सवयीनं मी ते बाटलीत भरलं, बूच लावलं आणि लाख मागितली.

किसनराव पळत आले. "हे काय करून राह्यले तुमी? हारलेल्या घोड्याचं कोनी तपासते काय?"

"रेसकोर्सवर तपासतात," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो तो घोडा अचानक मागे पडला, तर त्याचीही तपासणी होते. बोलता बोलता मी बादशहाच्या डोळ्यांकडे बघितलं. लालसर, अर्धे मिटलेले, भयंकर समाधानी. तोंडातलं साल संपलं तसं त्यानं माझ्या खिशातला रुमाल चघळायला घेतला. हे मी पूर्वी पाहिलं होतं. भांग. हिंमत यावी म्हणून कोणीतरी भांगेचा गोळा खाऊ घातला असणार. अफूनं घोडा नाचतो. भांगेनं त्याला भूक लागते. हे किसनरावांना कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"कायदा दोघायले सारखाच," आनंदाबुवा म्हणाले. किसनरावांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

थोड्या वेळानं मैनेनंही कृपा केली. बादलीभर चहा गेलेला, कधी ना कधी होणारच. आता दोन बाटल्या माझ्या हातात. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मैनेची बाटली मुंबईला गेली तर तिच्यात चहा सापडणार. शर्यतीनंतर प्यायलेला चहा कुठला आणि आधीचा कुठला, हे कोणतीही प्रयोगशाळा या बाटलीवरून सांगणार नव्हती. मी तसं प्रामाणिकपणे बुवांना सांगितलं. आजही वाटतं, प्रामाणिकपणा जरा उशिरा करायला हवा होता.

"चहा?" बुवांनी विचारलं. "चहा का नशा हाये?"

"बिलकूल हाये!" किसनरावांना पुन्हा कंठ फुटला. "इचारा डाक्टरसाहेबायले! नांदुऱ्याच्या स्टेशनावर यायनंच सांगतलं होतं, चहा म्हंजे नशा. चार लोकं होते साक्षीले. म्हटलं होतं का नाई, साहेब?"

म्हटलं होतं. हॉटेलातले त्या दिवशीचे दोघं तर समोरच उभे होते आणि उत्साहानं माना हलवत होते.

पंचांमध्ये मोठा वाद माजला. एक पंच म्हणाला, चहा नशा असंल तर मी बावीस वर्षांपासून नशेत पंचायत करून राह्यलो. दुसरा म्हणाला, ते तर सगळ्यायले माहीतच हाये. चहावाला घाबरून शेगडी विझवायला लागला. पण बेलभंडारा उचलून केलेला कायदा होता, आणि त्यात 'नशा' एवढाच शब्द होता, नि नशा कशाला म्हणायचं हे सांगणारा एकमेव सरकारी माणूस मी होतो आणि सांगून बसलो होतो.

तुळशीराम या सगळ्या वेळात मैनेच्या मानेवरचा घाम हातानं निपटत होता. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्याच तोंडानं जाईन काय माही घोडी?"

माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं आणि पुन्हा घाम निपटायला लागला. मैना त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती. चहा पिऊन तिची तबियत खूष होती. आपण कोणाच्या दावणीला जाणार याची तिला काळजी नव्हती.

मग मला एकदम ती बादली दिसली. दोरीच्या पलीकडे, हॉटेलापुढे, रिकामी. आणि मी बुवांना म्हणालो, "एक सांगतो. चहा पोटात होता म्हणून घोडी पळाली, का चहा पुढं होता म्हणून पळाली? हे बाटलीत कळणार नाही. पळवून कळेल."

"कसं?"

"आता तिच्या पोटात बादलीभर चहा आहे. चढायला वेळ लागतो, तेवढा वेळ आपण शीळ घालण्यात काढलाच आहे. तिला उलट पळवा. इथून देवळाकडे. देवळापाशी हॉटेल नाही. चहानं जोर येत असेल तर मघापेक्षा जास्त पळेल."

किसनरावांनी मांडीवर थाप मारली. "पयवा! बादलीभर नशा हाये पोटात. आता तर उडंल ती! सगळ्यायले दिसंल. पयवा!"

मैनेला पुन्हा टांग्याला जोडली. लोक दोन्ही बाजूंना उभे राहिले, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. आनंदाबुवा उभे राहिले, हीच एक मोठी गोष्ट होती. तुळशीराम टांग्यात चढला. माझं काळीज मैनेपेक्षा जोरात धडधडत होतं. समजा ही पळाली तर? समजा खरंच चहाच चढला असेल तर? एका माणसाची घोडी माझ्या हुशारीनं जायची होती, आधी एकदा आणि आता दुसऱ्यांदा.

"हाक!" बुवांनी काठी हलवली.

तुळशीराम मोठ्यानं ओरडला, "चाल मैने! हुर्रर्र! चाल माय!" उजव्या हातानं चाबूक हवेत गरागरा फिरवला. मैना निघाली. कशी? नवी सून पहिल्यांदा सासरच्या स्वयंपाकघरात शिरते तशी. एक पाऊल, मग विचार, मग दुसरं पाऊल. मान खाली, कान मागे. तुळशीराम घसा फोडून ओरडत होता, घोडी ठुमकत होती. वाटेत एक म्हातारी काठी टेकत तिच्या पुढे निघून गेली तेव्हा तर लोक जमिनीवर बसून हसले. "पाटील, उडाली पाहा!" "पंख पाहा पंख!" किसनराव तिच्या बाजूनं चालत होते. त्यांना पळावंसुद्धा लागलं नाही.

देवळापाशी पोचायला तिला इतका वेळ लागला, की पुजाऱ्यानं मध्ये आरती उरकून घेतली.

आनंदाबुवांनी निकाल दिला. "ज्या नशेनं घोडी चालत नाई, ते नशा कायची? मैना जितली. घोडी तुळशीरामाची." मग त्यांची नजर माझ्या हातातल्या दुसऱ्या बाटलीवर गेली. "आन हे? बादशहाची? तुळशीराम, तू सांग. पाठवाची काय मुंबईले? नशा निघाली तर घोडा तुहा."

किसनराव खाली बघायला लागले. इतका मोठा माणूस, पण त्या वेळी मला त्यांची दया आली. बादशहा तर त्यांच्यामागे उभा राहून त्यांच्या फेट्याचं टोक चघळत होता.

तुळशीरामानं हात जोडले. "राहू द्या बुवा. कोनाचीच बाटली नको आता. तपासनी झाली तेवढी बस झाली. मले माही घोडी भेटली, सगळं भेटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं मन! ज्यानं घोडी हिरावून घ्यायचा घाट घातला, त्याचा घोडा सोडून दिला. मी दोन्ही बाटल्या एका बाभळीच्या बुंध्यात ओतल्या. शास्त्र म्हणून पाहिलं तर ते चुकलंच. भांगेचा तसा नमुना मला पुढं साऱ्या नोकरीत मिळाला नाही, आणि त्याच्यावर एखादा लेख लिहून नाव काढायची संधी बाभळीनं पिऊन टाकली. पण त्या दिवशी मला लेखाची पर्वा नव्हती. किसनरावांनी जाताना माझा हात घट्ट धरला. पुढं दरवर्षी त्यांच्या शेतातलं पहिलं टरबूज दवाखान्यात येत राहिलं.

उन्हं कलताना तुळशीरामानंच आम्हाला घरी सोडलं. पैसे घेतले नाहीत. "तुमच्या अकलेनं वाचली माही मैना," असं चारदा म्हणाला. मी नको नको म्हणत चारही वेळा पूर्ण ऐकून घेतलं.

घरी आल्यावर धोतर बदललं आणि ओट्यावर बसून बायकोला सगळं पुन्हा सांगायला लागलो. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं पाहिलं होतं, पण शास्त्र तिला कळलं नसेल म्हणून मी समजावून सांगत होतो. उत्तेजक द्रव्य पोटात असणं वेगळं, आणि जनावराची इच्छा वेगळी. निरीक्षण हवं. साध्या प्रयोगातून सत्य कसं बाहेर येतं, वगैरे.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "अहो, एक इचारू? घोडीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, लघवी पाहिली. हाकनाऱ्याचा डावा हात पाहिला काय?"

"डावा हात?"

"उजव्या हातानं चाबूक फिरवून राह्यला होता ना तो. डाव्या मनगटाले लगामाचे वेढे मारलेले होते. असा ओढून धरला होता लगाम, का बिचारीची हनुवटी छातीले लागली होती. कशी पयते ती?"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तुळशीरामाला आणखी कुठलीच तपासणी का नको होती, ते मला तेव्हा कळलं. मग मैना आधी कशामुळे पळाली, पोटातल्या चहामुळे की पुढच्या, हे आता कोणत्याच शास्त्राला सांगता येणार नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मी एकटीनं काऊन बोलावं?" ती म्हणाली. "तिथं उभ्या असलेल्या साऱ्या बायायले दिसत होतं. मानसं तेवढे घोडीकडं पाहून राह्यले होते."